उलटेभाऊंची न मांडलेली दुरुस्ती

भाऊ कुठलाही कागद मागून वाचायचे. वर्तमानपत्र हातात आलं की आधी शेवटचं पान. लग्नपत्रिका आली की आधी तळाशी छापलेली नावं. आणि विधानमंडळाकडून विधेयकाची प्रत आली की ती टेबलावर पालथी घालायची आणि शेवटच्या पानापासून सुरुवात करायची. "समोरून सारेच गोड बोलतेत, गजू," ते मला म्हणायचे. "पहिल्या पानावर जनतेचं कल्याण असते. कोनत्या जनतेचं, ते मागं लिहून असते." या खोडीपायी भंडारा जिल्ह्यात सानगडीपासून लाखनीपर्यंत लोक त्यांना उलटेभाऊ म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही असावं. फोनवर स्वतःची ओळख देतानासुद्धा कधीकधी "मी उल्टा बोलून राहिलो" म्हणत.

ते वरच्या सभागृहाचे, म्हणजे विधान परिषदेचे आमदार होते. एकच मुदत, सहा वर्षं. मी त्यांचा स्वीय सहायक. नाव मोठं, काम म्हणजे बॅग सांभाळणं, पास काढणं, प्रश्न वेळेत दाखल करणं आणि भाऊ कुठे आहेत हे कोणालाही न सांगणं. आम्ही दोघं एकाच गावचे. माझ्या वडिलांचं शेत गावच्या तलावाच्या खालच्या बाजूला, त्यांचं त्याच्या पलीकडे. मला का निवडलं, असं कोणी विचारलं तर ते म्हणत, "हा बोलत नाई. बोलनारे मले तिथं पुष्कळ भेटतेत." मला तेव्हा या शब्दांचा अभिमान वाटे.

संशय हा भाऊंचा स्वभाव नव्हता, तो त्यांचा व्यवसाय होता. आमदार निवासाच्या खोलीत कोणी हार घेऊन आला की ते हार घेत, पण गळ्यात घालू देत नसत. "हे फूल कोनत्या फाइलीचं?" असं सरळ विचारत. माणूस ओशाळून हसला तर त्याला बसायला खुर्ची. रागावला तर मात्र भाऊ माझ्याकडे बघत आणि मी त्याचं नाव लक्षात ठेवी. एकदा एका पुढाऱ्यानं त्यांच्या एका भाषणाची फारच स्तुती केली. तो गेल्यावर भाऊ म्हणाले, "तपास कर गा, त्या भाषनात मीनं काय चूक केली ते."

त्यातली सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट थर्मासची. भाऊ कोणाच्याही दालनात चहा घेत नसत. मंत्र्याकडे नाही, सचिवाकडे नाही, कलेक्टरकडे तर नाहीच. वहिनी पहाटे त्यांना आलं घातलेला चहा करून द्यायच्या आणि तो लाल थर्मास दिवसभर माझ्या खांद्याला असायचा. "त्याहिचा चहा पेला का मानूस मऊ पडते," हे त्यांचं म्हणणं. समोरच्यानं आग्रह केला तर ते मला आत बोलावत, सर्वांदेखत थर्मासच्या झाकणात चहा ओतून घेत आणि एक घोट घेऊन म्हणत, "हं, आता विचारतो." गावात हा थर्मास इतका माहीत होता, की मी एकटा बाजारात दिसलो तर लोक विचारत, "काय गा, भाऊ कोठी ठेवले?"

सभागृहात ते कमी बोलायचे आणि बोलायचे ते आपल्याच बोलीत. एकदा दिल्लीहून आलेल्या कुठल्याशा राष्ट्रीय धोरणावर चर्चा होती. मंत्री बराच वेळ त्या धोरणाची थोरवी सांगत होते. भाऊ उठले. "सभापती महोदय, धोरन दिल्लीहून निघते तवा त्याच्या अंगावर कोट असते. मुंबईत शर्ट राहते. अन् आमच्या वरठी स्टेशनवर उतरते तवा निस्त्या बनियानवर असते. मंत्रिमहोदयानं एवढंच सांगावं, कोट कोनी काढून घेतला?" दोन्ही बाजूंची बाकं हसली. मंत्रीही हसले, पण त्यांच्या मागचे अधिकारी हसले नाहीत. नंतर भाषणं टिपून घेणारी एक मुलगी मला लॉबीत गाठून म्हणाली, "बनियान तसंच ठेवू ना?" मी म्हटलं, ठेवा. दुसऱ्या वेळी महामार्गावरच्या चर्चेत मंत्र्यांनी रुंद झालेल्या रस्त्याची स्तुती केली, तेव्हा भाऊंनी त्यांना लाखनीला येऊन बाजाराच्या दिवशी रस्ता पायी ओलांडून दाखवायचं निमंत्रण दिलं. "मी पलीकडे उभा राहतो, तुमचा फेटा धरून." त्यांच्या उपप्रश्नांना मंत्री भीत, कारण त्यात भाषण नसे. फक्त एक खुंटी असे आणि तिच्यावर अडकायचं की नाही हे मंत्र्यानं ठरवायचं असे.

अशा माणसाजवळ राहून माझी नजरही हळूहळू तशीच झाली. मीही पत्रिका तळातून वाचू लागलो. कोणी बरं बोललं की त्याच्या मागे काय आहे ते शोधू लागलो. बायको वैतागून म्हणायची, "आता भाजीतही पाहून घ्या, कोनी काही टाकलं का." फरक एवढाच, की भाऊ तोंडावर विचारायचे आणि मी मनात ठेवायचो. हा फरक किती मोठा आहे ते मला तेव्हा कळलं नाही.

मग ते तलावांचं विधेयक आलं. आमच्याकडे धान तलावावर उभं राहतं. लोंबी बाहेर पडायच्या वेळेला पाऊस गेलेला असतो आणि तेव्हा गाव तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर जमतं, कोणाच्या बांधीत, कोणाच्या धानाच्या वाफ्यात आधी पाणी जाईल ते ठरतं, मग तलावाचं गेट उचललं जातं. ते शेवटचं पाणी मिळालं तर घरात धान, नाहीतर तणस, नुसता पेंढा. विधेयकाचं पहिलं पान मत्स्यव्यवसायाच्या विकासाबद्दल होतं. भाऊंनी सवयीप्रमाणे मागून वाचलं आणि मला हाक मारली. मासोळीचा ठेका बाहेरच्या माणसाला लिलावानं द्यायचा आणि ठेका असेतो गेटही त्याच्याच ताब्यात, असा त्याचा अर्थ होता. मासोळीला पाणी साठवून हवं असतं, धानाला सोडून हवं असतं. ठेकेदार कोणाचं ऐकणार हे सांगायला नको. भाऊंनी दुरुस्ती दिली: गेट उघडायचा हक्क गावाचाच राहील, तलाव लहान असो की मोठा. नागपूरचं हिवाळी अधिवेशन होतं. वरच्या सभागृहात सरकारची बाजू लंगडी होती. दुरुस्ती मंजूर होईल असं पेपरवालेही बोलत होते. ती मंजूर झालेली बघायला आमच्या गावातून माणसांनी भरलेला टेम्पो आला. सगळ्यात पुढे दाजीबा. वयानं भाऊंपेक्षा मोठे, गेट उचलायचा मान गावानं त्यांना दिलेला.

मतदानाच्या आदल्या दिवशी दुपारी मंत्र्यांनी भाऊंना दालनात बोलावलं. एकट्याला. मी बाहेर बाकावर बसलो, थर्मास मांडीवर. आत बराच वेळ लागला. एकदा दार उघडलं आणि शिपाई ट्रे घेऊन बाहेर आला. ट्रेमध्ये दोन कप होते. दोन्ही रिकामे.

भाऊ बाहेर आले ते माझ्याकडे न बघता चालू लागले. गाडीत मी झाकण उघडून चहा पुढे केला. ते म्हणाले, "नाई. झाला."

दुसऱ्या दिवशी गावची माणसं आणि मी प्रेक्षक गॅलरीत बसलो होतो. मंत्र्यांनी चर्चेला उत्तर देताना लहान तलावांबद्दल आणि बोड्यांबद्दल, म्हणजे शेतातल्या छोट्या तळ्यांबद्दल, नियमांत काहीतरी करू असं सांगितलं. आमचं तिकडे लक्ष नव्हतं. आमचा तलाव मोठा, आमचं लक्ष दुरुस्तीकडे. मग एकेक कलम मताला येऊ लागलं. आमचं कलम आलं. सभापतींनी भाऊंचं नाव घेतलं आणि विचारलं, सन्माननीय सदस्य आपली दुरुस्ती मांडत आहेत काय?

भाऊ बसून राहिले.

सभापतींनी पुन्हा विचारलं. भाऊंच्या समोर विधेयकाची प्रत होती. ती सुलटी होती, पहिलं पान वर. ते त्याच पानाकडे बघत होते.

"काहून उठत नाई गा तो?" दाजीबांनी माझं मनगट धरलं. "झोपला का? हाक मार ना."

गॅलरीतून हाक मारता येत नाही हे मी त्यांना सांगितलं. तेवढ्यात दुरुस्ती मांडलेली नाही असं सभापतींनी जाहीर केलं आणि कलम मंजूर झालं, मग विधेयक मंजूर झालं. टेम्पो गावी परत गेला. मी भाऊंबरोबर होतो. ते म्हणाले, "गावच्या लोकाहिले जेवू घातलं का?" बस, एवढंच.

अधिवेशन संपल्यावर गावी गेलो तेव्हा बसस्टॉपजवळच्या हॉटेलात मला घेरलं. दाजीबा होते, बाकी सगळे होते. "गजू, तू तं सोबत होता. आत काय झालं?" मी म्हणालो, मला माहीत नाही. ते खरंच होतं. तिथेच थांबायला हवं होतं. पण सहा वर्षांची शिकवण माझ्या डोक्यात होती, आणि वडिलांचं शेत तलावाखाली होतं. मी म्हणालो, "आदल्या दिवशी भाऊंनी मंत्र्याच्या दालनात चहा घेतला. एवढं मी पाहिलं."

हॉटेलवाला दूध ओतता ओतता थांबला.

"चहा घेतला?" दाजीबा म्हणाले. "उलटेभाऊनं?"

मी मान हलवली.  दुसऱ्या गावात या वाक्याला काही अर्थ नसता. आमच्या गावात त्याला पुरावा लागत नव्हता.

त्या उन्हाळ्यात भाऊंच्या गल्लीपर्यंत डांबरी रस्ता झाला. मी तो माझ्या संशयाच्या पारड्यात घातला. मग तलावाचा लिलाव झाला, ठेकेदार आला आणि गेटला कुलूप लागलं. पहिल्याच वर्षी पाऊस लवकर गेला. लोंब्या बाहेर पडत होत्या आणि माझे वडील पाळीवर उभे राहून भरलेल्या तलावाकडे बघत होते. ते शिव्या द्यायचे नाहीत. त्या दिवशी दिल्या, आणि ठेकेदाराला नाही, भाऊंना दिल्या. मी शेजारी उभा होतो. मला बरं वाटलं, हे मी आज लिहितो आहे.

भाऊंना पुन्हा तिकीट मिळालं नाही. गावात ते हॉटेलात येऊन बसले की कोणीतरी मोठ्यानं म्हणे, "भाऊले एक कट चहा दे रे, आता पेतेत ते!" लोक हसत. भाऊही हसत आणि खरोखरच चहा घेत. मी भंडाऱ्याला एका कॉलेजच्या कचेरीत लागलो. निरोप घ्यायला गेलो तेव्हा ते माझ्याकडे बघून म्हणाले, "नजर चांगली तयार झाली तुही." मी रस्ताभर या वाक्याची मागची बाजू शोधत होतो. यांना कळलं आहे का? कळलं असेल तर हे असं का बोलले? पुढे वर्षानुवर्षं मी सणावारी गावी जात राहिलो आणि त्यांच्या गल्लीच्या तोंडावरून परत फिरत राहिलो.

गेल्या वर्षी वहिनींचा फोन आला. भाऊंना दम्यानं घेरलं होतं. मी गेलो. ते खाटेवर उशीला टेकून बसले होते, पेपर हातात, शेवटचं पान वर. वहिनी आत गेल्या. मला काय सुचलं कोण जाणे, बसायच्या आधीच मी म्हणालो, "भाऊ, त्या दिवशी तुम्ही उठले काहून नाही?"

त्यांनी पेपर खाली ठेवला. मग हसायला लागले, हसता हसता खोकायला लागले. "अवो, ऐकलं का!" त्यांनी आत हाक मारली. "गजूले बोलता आलं!"

मी उभाच होतो.

"आपल्या सभागृहाचा जोर किती, तुले माहीत नाई?" ते म्हणाले. "आपन दुरुस्ती मंजूर केली असती तं विधेयक खाली वापस गेलं असतं. खालच्याहिनं ती झटकून टाकली असती, हट्टानं. मंग मोठे तलावही गेले अन् बोड्याही गेल्या. मंत्र्यानं म्हनलं, तुम्ही उठू नका, मी बोड्या अन् लहान तलाव बाहेर ठेवतो. पन हे दोघातच. सौदा झाला म्हनून बोंब झाली तं माह्या सरकारातलेच लोक बोड्याचा आदेश निघाच्या आधी मोडतीन, म्हने."

"अन् आपला तलाव?"

"आपला मोठा होता." ते खिडकीकडे बघू लागले. "दुसऱ्याच्या गावचा देनं असतं तं हो म्हनायले इतका वेळ नसता लागला."

मला पुढचं विचारायचं नव्हतं, पण विचारलं. "चहा?"

"पेलो ना. गावचा तलाव देऊन राहिलो होतो, जीभ टाळूले चिपकली. थर्मास तुह्याजवळ होता. बाहेर."

वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, ठेवून गेल्या. मी म्हणालो, चहाचं गावात मीच सांगितलं. ते म्हणाले, "माहीत हाये. बाकावर तूच होता, दुसरं कोन सांगन?" मग कधी बोलला का नाहीत, असं मी विचारलं. "खोटं थोडी बोलला तू," ते म्हणाले. यापेक्षा त्यांनी मला हाकलून दिलं असतं तर बरं झालं असतं.

"आदेश निघाल्यावर तरी लोकाहिले सांगाचं होतं, भाऊ."

"कोनाले? कोनी विचारलं?" पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "हसले सारे. विचारलं कोनीच नाई. मंत्री स्वतःहून माहिती देते का कधी? मीनं तिथं सहा वर्षं काय केलं मंग? संशय घेतला त्याचा मले राग नाई गा, तो तं मीनंच शिकवला. पन संशय आला का उभं राहा लागते. ज्याच्यावर आला त्याचं नाव घ्या लागते. अन् त्याचं उत्तर होतपर्यंत ऐकून घ्या लागते. तू अर्धंच शिकला, गजू. बसूनच राहिला."

मी रस्त्याबद्दलही विचारलं. "तो आधीच मंजूर होता," ते म्हणाले. जरा लवकर म्हणाले, आणि पेपर उचलला. मी ते टिपलं. आता खोटं कशाला लिहू? बोड्या सुटल्याचा आदेश खरा होता. तो निघाला होता हे जिल्ह्यात सर्वांना माहीत होतं, फक्त त्याचा भाऊंच्या बसून राहण्याशी कोणी संबंध जोडला नव्हता. चहावर माझा विश्वास बसला. रस्त्यावर अजून पुरता बसलेला नाही. भाऊंजवळ राहिलेल्या माणसाचं असंच होत असावं.

दिवाळीनंतर भाऊ गेले. शोकसभा ग्रामपंचायतीच्या पटांगणात झाली. वहिनी पुढे सतरंजीवर बसल्या होत्या. दोन पुढारी बोलले. अभ्यासू व्यक्तिमत्त्व, सभागृहाचं नुकसान वगैरे. लोक ऐकत होते, पण चेहरे बंद होते. मागे कोणीतरी चहाबद्दल काहीतरी पुटपुटलं आणि दोघं-तिघं हसली. मी उठलो. मला कोणी बोलायला सांगितलं नव्हतं. भाऊ काय म्हणाले ते मी सगळं सांगितलं: खालचं सभागृह, बोड्या, आपला तलाव. चहाचं मी बोललो होतो हेही सांगितलं, आणि थर्मास माझ्या मांडीवर होता हेही.

सभा मऊ झाली नव्हती. मग मागून एक आवाज आला, "तुले आज कोनं पाठवलं गा?" दुसरा म्हणाला, "घरच्याहिनं सांगतलं असन, नाव साफ करा म्हनून." वहिनींनी पदर सारखा केला आणि मान वळवून माझ्याकडे पाहिलं. बिचाऱ्या सरपंचबाई घाईनं म्हणाल्या, "बसा गजाननभाऊ, दोन मिनिटं शांत उभं राहाचं हाये अजून."

 इतक्या माणसांच्या नजरा आयुष्यात माझ्यावर कधी पडल्या नव्हत्या, आणि प्रत्येक नजर माझी मागची बाजू शोधत होती. बसणं सोपं होतं.

"कोणी पाठवलं नाही," मी म्हणालो. "पण माझ्यावर विश्वास ठेवा असं मी म्हणत नाही. मी इथंच उभा आहे. काय विचारायचं ते मलाच विचारा."

 मग पहिल्या रांगेत दाजीबांनी शेजाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला, माझं नाव घेतलं आणि विचारायला ते हळूहळू उठून उभे राहिले.